कोजागिरी गच्चीवर: पंधरा माणसं, पाच लिटर दूध आणि पत्त्यांचे दोन कॅट

कोजागिरीला बऱ्याच घरात हेच असतंय, सगळी मंडळी गच्चीवर पत्ते कुटत बसलेली आणि घरातली एक बाई, बहुतेक वेळा वहिनीच, खाली किचनमध्ये दुधापाशी उभी. उतू जाईल म्हणून हलता येत नाही, खाली लागेल म्हणून बसता येत नाही, आणि बाराला ग्लास वर आले की सगळे म्हणणार वा वहिनी, काय दूध झालंय. अहो पण वहिनींनी चंद्र कुठं बघितला? म्हणून मी जी पद्धत सांगणार आहे ती एवढीच, की दूधच वर न्यायचं. शेगडी गच्चीवर, पातेलं गच्चीवर आणि जो डाव हरेल त्यानं उठून ढवळायचं. बाकी सगळं प्लॅनिंग याच्याभोवती फिरतं.

हिशोब पंधरा जणांचा धरलाय, म्हणजे चार घरं, त्यात तीनचार पोरं आणि एखादे आजी-आजोबा. सांगलीत विश्रामबाग, वारणाली, मिरज रोडकडं अपार्टमेंट असतील तर गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाकून ठेवा नाहीतर दुसऱ्या विंगेतली मंडळी त्याच कोपऱ्यात सतरंजी टाकून बसलेली असतात.

तारीख आधी कॅलेंडरात नीट बघा. कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, त्यामुळं काही वर्षी कोजागिरी एका दिवशी आणि आश्विन पौर्णिमा दुसऱ्या दिवशी छापलेली असते आणि निम्मा ग्रुप चुकीच्या दिवसाची सुट्टी टाकतो. कोजागिरी लिहिलेली रात्र आपली. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर सरळ शनिवारी करू असं कुणीतरी म्हणणारच, करा खुशाल, पण मग चंद्र उशिरा उगवणार आणि थोडा चेपलेला असणार एवढं लक्षात ठेवा.

दोन दिवस आधी

ग्रुपवर कामं वाटून टाका, आणि वाटताना "कोण काय आणणार?" असं विचारू नका कारण मग चारही घरातून वेफर्स येतात. नाव घालून लिहायचं. एका घराकडं भडंग, एका घराकडं शेंगा आणि पाव, एका घराकडं तंबोल्याचं सगळं सामान आणि बक्षिसं, यजमानांकडं भाजी आणि दूध. सतरंज्या ज्याच्या त्यानं. ग्लास पण ज्याचा त्यानं, स्टीलचा. कागदी कपात गरम दूध ओतलं की पातळ कप मऊ पडतो आणि पोरांच्या हातावर सांडतं, शिवाय सकाळी कचऱ्याची पिशवी तुमच्याच दारात.

दूध म्हशीचंच सांगा, सहा फॅटचं. गायीच्या दुधाला आटवून पण तो दाटपणा येत नाही. कोजागिरीला डेअरीवर गर्दी असते, संध्याकाळी सातला गेलात तर टोन्ड दुधाच्या पिशव्याच उरलेल्या असतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. तसं आपल्या जिल्ह्यात दुधाला तोटा नाही, चितळ्यांची डेअरी भिलवडीला १९३९ पासून आहे आणि गवळ्याचं रतीबाचं दूध घेणारी घरं अजून भरपूर आहेत. गवळ्याचं घेणार असाल तर सकाळचं घ्या, आल्या आल्या एक उकळी आणा, गार करा आणि फ्रीजमध्ये टाका. कच्चं दूध दुपारभर ओट्यावर राहिलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्री तापवताना फाटायची दाट शक्यता, आणि पाच लिटर पनीर घेऊन कोजागिरी होत नाही.

दूध मसाला घरीच करा, दहा मिनिटाचं काम आहे. पाच लिटरला बदाम ७५ ग्रॅम, काजू ५० ग्रॅम, पिस्ता ५० ग्रॅम (बिनमिठाचा, हे मुद्दाम सांगते कारण बाजारात खारा जास्त दिसतो), वेलदोडे पंधरा, जायफळ पाव. बदाम-काजू कढईत नुसते कोमट होईपर्यंत परतायचे, पूर्ण गार करायचे आणि मिक्सरला दोनतीन चमचे साखर घालून थांबत थांबत फिरवायचे. एकसलग फिरवलं तर तेल सुटतं आणि लगदा होतो. थोडं जाडसर राहू दे, दाताखाली आलं पाहिजे. चारोळी दोन चमचे अख्खीच. केशर असेल तर वाटीभर कोमट दुधात भिजत घाला, नसेल तर पाव चमचा हळद, रंग छान येतो आणि कुणाला कळत पण नाही. आणि हळद आपल्याकडं नाही तर कुठं असणार, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि हरिपूरला तर जमिनीत पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती.

बेदाणे घालायचे असतील, आणि तासगाव एवढं जवळ असताना घालणारच, तर ते धुऊन घ्या आणि गॅस बंद केल्यावरच टाका. आंबट बेदाणा उकळत्या दुधात पडला की दूध नासू शकतं.

भडंग

हे आदल्या दिवशीच होऊन जातं म्हणून मला मेन्यूत सगळ्यात जास्त आवडतं. भडंगाचे चुरमुरे वेगळे मिळतात, जरा मोठे आणि फुगीर, भेळेचे बारीक घेऊ नका ते मसाल्यात बसतात. अर्धा किलो पंधरा जणांना पुरून उरतात. उन्हात तासभर घाला, ऊन नसेल तर मोठ्या कढईत मंद आचेवर हलवत कुरकुरीत करा, बोटात दाबला की कडकन मोडला पाहिजे.

मग पाऊण वाटी तेल, त्यात पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग तळून बाजूला काढायचे. त्याच तेलात दोन गड्डे लसूण, सालासकट खलबत्त्यात ठेचलेला, तो लालसर कुरकुरीत होईपर्यंत, मग जिरं, हिंग, दोन मुठी कढीपत्ता. आता गॅस बंद. बंद करून मिनिटभर थांबायचं आणि मगच हळद आणि तिखट टाकायचं, उकळत्या तेलात तिखट टाकलं की काळं पडतं आणि सगळ्या भडंगाला करपट वास लागतो. तिखटाऐवजी निम्मा कांदा-लसूण मसाला घातला तर अजून चांगलं. मीठ, दोन चमचे पिठीसाखर, शेंगदाणे, चुरमुरे, आणि दोन मोठ्या डावांनी खालीवर. चुरमुऱ्यात आधीच मीठ असतं म्हणून चव बघून घाला. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू हे गच्चीवर ज्याच्या त्याच्या ताटलीत. एकदम घमेल्यात कालवून ठेवलं की पंधरा मिनिटात चिवट होतं.

पोट भरायचं काय

इथं माझं मत ठाम आहे, एकच पदार्थ. भेळ पण, भजी पण, मसालेभात पण असं केलं की यजमान परत किचनमध्ये. भजी तर अजिबात नको, भजी म्हणजे एक माणूस कायमचा कढईपाशी. पावभाजी बरी, चारला करून ठेवता येते, आठला गरम केली की झालं. पंधरा जणांना बटाटे दोन किलो, फ्लॉवर पाऊण किलो, मटार अर्धा किलो (ऑक्टोबरमध्ये ताजा महाग आणि बेचव, फ्रोजन घ्या), टोमॅटो दीड किलो, कांदे पाऊण किलो परतायला आणि अर्धा किलो वर घ्यायला, ढबू मिरची पाव किलो, बटर ३०० ग्रॅम. पाव माणशी तीन धरून चार डझन. पाव घरीच भाजून फडक्यात गुंडाळून वर न्या, गच्चीवर तवा मांडू नका, शेगडी दुधाला मोकळी पाहिजे.

शेंगा मात्र पाहिजेतच. खरिपाचा भुईमूग याच सुमारास निघतो, बाजारात ओल्या शेंगा मिळतात, दोन किलो घ्या. माती जाईपर्यंत तीनचार पाण्यात धुवायच्या, बुडतील एवढं पाणी, मूठभर मीठ, कुकरला चार शिट्ट्या आणि मग त्याच पाण्यात अर्धा तास झाकून ठेवायच्या म्हणजे मीठ आतपर्यंत जातं. पत्ते खेळताना शेंगांसारखं दुसरं काही नाही, फक्त टरफलांना एक घमेलं मध्ये ठेवा.

जेवण साडेआठ-नऊपर्यंत आटपा. पावभाजीत टोमॅटो, वर लिंबू, आणि त्यावर लगेच दूध म्हटलं की आजी लोक डोळे वटारतात, तीन तासाचं अंतर पडलं की कुणाची तक्रार नाही आणि भूक पण परत लागते.

शेगडीची जागा

हे अंधार पडायच्या आत करायचं. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी, सपाट जागेवर, जिन्यापासून आणि पोरांच्या पळापळीपासून लांब. वारा असतोच, मग आडोसा लागतो, पण पुठ्ठा नको, विटा किंवा पत्रा, आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर राहिला पाहिजे. वर मांडव, ताडपत्री, लायटिंगच्या माळा काही नको. इंडक्शन नेणार असाल तर साध्या सहा अँपियरच्या एक्स्टेंशनवर चालवू नका, वायर तापते, सोळा अँपियरचा बोर्ड आणि जाड वायर पाहिजे.

जिन्यात लाईट चालू आहे का बघा, कठडा कुठं खाली असेल तिथं बाक किंवा कुंड्या लावून पोरांना अडवा. पाऊस संपल्यावर सांगलीत डास किती असतात ते सांगायला नको, सातला धूप लावा आणि पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे. अकरानंतर थोडं दव पडतं, सतरंजीखाली जुनी फ्लेक्स किंवा ताडपत्री घातली की बूड ओलं होत नाही.

परतीचा पाऊस आला तर? येतो की, कोजागिरीलाच येतो. मग सरळ हॉलमध्ये बसायचं, दूध किचनमध्ये, पण हरणाऱ्यानं ढवळायचा नियम तोच.

साडेसातपासून पुढं

चंद्र सूर्य मावळतानाच पूर्वेला वर येतो, म्हणजे सहा-सव्वासहाच्या पुढं, पण समोरच्या बिल्डिंगच्या वर यायला सात-साडेसात होतात. लोक जमले की पहिलं काम ओवाळणी. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, ते पोरं जागी आहेत तोवर करून घ्या. आणि थोरलं म्हणजे फक्त लहान पोरं नव्हे हां, पंचावन्न वर्षाचे काका पण त्यांच्या आईचे थोरलेच, काकूंच्या देखत आजींनी त्यांना पाटावर बसवून ओवाळलं आणि हातात शंभराची नोट ठेवली की पुढचा अर्धा तास गच्चीवर दुसरा विषय नसतो.

मग खिरापत ओळखायचा खेळ, हादग्यातला. प्रत्येक घरानं एक झाकलेला डबा आणायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, कोरडं का ओलं. डबा हलवून आवाज ऐकायला परवानगी. दहा प्रश्नात नाही ओळखलं तर आणणारं घर जिंकलं. आजी यात सगळ्यांना हरवतात. बुजरी मंडळी पण यात बोलायला लागतात म्हणून हा पहिला ठेवायचा.

जेवणानंतर तंबोला, कारण सहा वर्षाच्या पोरापासून आजोबांपर्यंत एकाच वेळी खेळता येणारा तोच. एका तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे, एकूण पंधरा. १ ते ९० पिशवीतून काढायचे. पैसे नको, बक्षिसं ठेवा: पहिले पाच, तिन्ही ओळी, चार कोपरे, फुल हाऊस. बेदाण्याचं पाकीट, कंदी पेढे (साताऱ्याहून कुणी येणार असेल तर त्याला आधीच सांगा), हळदीची पुडी, पोरांना पेन. आकडे पुकारणारा माणूस नीट निवडा, नुसतं बावीस, चाळीस असं म्हणणारा नको, प्रत्येक आकड्याला काहीतरी जोडून सांगणारा पाहिजे. दोन राऊंड बास, तिसऱ्याला कंटाळा येतो.

साडेनऊ-पावणेदहाला दूध चढवा. आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं, आधी थोडं पाणी फिरवून ओतून द्या आणि मग दूध, म्हणजे खाली कमी लागतं. लाकडी उलथनं उभं धरून दुधाची पातळी पेनानं मारून ठेवा, त्याच्या पाऊण उंचीवर दुसरी खूण, दूध तिथं आलं की झालं. पाच लिटरचं पावणेचार होतं, माणशी २०० मिलीचा ग्लास आणि तीनचार ग्लास जास्तीचे. घरात सव्वा तास लागतो, गच्चीवर वाऱ्यामुळं दीड ते पावणेदोन तास धरा.

आता पत्ते. दोन गट पडतात. पोरं आणि मोठे मिळून सहासात जण बदाम सात, एक कॅट वाटायचा, बदामाची सत्ती ज्याच्याकडं तो सुरू करणार, मग लागून वरचं किंवा खालचं पान नाहीतर दुसरी सत्ती, काही नसेल तर पास. मुद्दाम सहा किंवा आठ अडवून धरणारा एक तरी असतोच. चौघं खरे खेळणारे असतील तर मेंढीकोट, समोरासमोर जोडी, तेरा तेरा पानं, ज्या जोडीकडं तीन दश्श्या आल्या ती जिंकली, दोन दोन झाल्या तर सात हात ज्यांचे ते, आणि चारी आल्या तर कोट. हुकूम कसा लावायचा, कट (चालू रंग नसलेल्यानं पहिल्यांदा टाकलेलं पान हुकूम) का बंद (आधीच पालथं ठेवलेलं पान हुकूम), हे पानं वाटायच्या आधी ठरवा, वाटल्यावर ठरवायला गेलात तर भांडण. लोक जास्त असतील तर दोन्ही कॅट एकत्र करून चॅलेंज, पालथी पानं टाकायची आणि म्हणायचं तीन गुलाम, ज्याला खोटं वाटेल त्यानं उघडायचं, खोटं निघालं तर टाकणाऱ्यानं सगळा गठ्ठा उचलायचा, खरं निघालं तर उघडणाऱ्यानं. यात शांत दिसणारी माणसं काय खोटं बोलतात ते कळतं.

प्रत्येक डाव संपला की हरणारा पातेल्यापाशी. सुरुवातीला दर पाचसात मिनिटांनी एकदा तळापासून ढवळलं तरी चालतं, कडेची साय परत आत ढकलायची, शेवटच्या अर्ध्या तासात मात्र सारखं. पोरांना ढवळायला पाठवू नका, पोर हरलं तर त्याच्या बापानं जायचं. आणि एखादा नवरोबा "मला जमत नाही" म्हणाला तर त्याला सलग दोन पाळ्या.

दहा वाजले की स्पीकर बंद, नियमच आहे तो, शिवाय खाली दहावी-बारावीची पोरं असतात. बंद झाला की खरी मजा येते असं मला तरी वाटतं. साडेदहा-अकराला गच्चीवरचे लाईट पण घालवा. पाचएक मिनिटात डोळे सरावतात आणि पत्त्यातला बदाम का चौकट एवढं सोडलं तर सगळं दिसतं. शेगडीपाशी एक बॅटरी असू दे. पत्ते गोळा करा आणि गाण्यांच्या भेंड्या, त्याला उजेड लागत नाही. ण आला तर न, ळ आला तर ल, आणि गाणं किमान एक ओळ आलं पाहिजे, नुसतं लालाला नाही. मराठी-हिंदी दोन्ही चालू द्या पण एकदा म्हटलेलं परत नाही. जिन्याकडचे विरुद्ध टाकीकडचे असे गट पाडा, नवरा-बायको एका गटात ठेवू नका.

दूध

सव्वाअकरा-साडेअकराला खुणेपर्यंत आलं की आधी बिनसाखरेचे ग्लास काढून घ्या, पंधरा माणसात शुगरवाले तीनचार असतातच आणि त्यांना दरवर्षी "आज एक दिवस काय होतंय" म्हणून आग्रह करणं बरं नाही. त्यांच्या ग्लासात मसाला थोडा जास्त. मग ३५० ग्रॅम साखर, साखरेनं दूध परत जरा पातळ होतं म्हणून पाच मिनिटं उकळी, मग मसाला, चारोळी, केशर. दोन मिनिटांनी बंद. बेदाणे आता.

पातेलं शेगडीवरून दोघांनी धरून उतरवा, पक्कड नको, दोन जाड फडकी. वर पातळ सुती कापड बांधा आणि चंद्राच्या उजेडात ठेवा. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडं चंद्र बारा-सव्वाबाराला जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळं कापड काढून वाकून बघितलं की पातेल्यात दिसतो, पोरं यासाठी जागी राहतात. वीसेक मिनिटं ठेवलं की पुरे, कुणी रात्रभर ठेवायचं म्हणालं तर ऐकू नका. नैवेद्य दाखवायचा, आधी आजी-आजोबांना, मग पोरांना, मग बाकीच्यांना. वाटताना प्रत्येक वेळी ओगराळं तळापासून फिरवा, नाहीतर पहिल्यांना नुसतं दूध आणि शेवटच्याला नुसते बदाम.

पातेल्याची खरवड कुणाची यावरून वाद होणार, सगळ्यात जास्त वेळा हरून ढवळलेल्याची हे आधीच जाहीर करा. उरलेलं दूध लगेच फ्रीजला, सकाळी गारच प्यायचं, फार उरलं असेल तर त्यातच शेवयांची खीर. पातेल्यात गरम पाणी ओतून तसंच ठेवा, रात्री घासत बसू नका. शेगडी गार झाली का, सिलिंडरचा नॉब बंद का हे एकानं बघायचं, शेंगांची टरफलं कुंड्यात टाका, आणि जाताना ज्याचा ग्लास त्यानं नेलाय का बघून घ्या, कारण दोन ग्लास आणि एक डबा कुणाचा ते ग्रुपवर दिवाळीपर्यंत विचारत बसावं लागतं.